भरतीला मिटणारं दार

मी एक जुनं दार आहे, पण कुठल्याच घराचं नाही. माझ्या एका बाजूला खाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेतं. मधे मातीचा लांबच लांब बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात एक दगडी मोरी आहे. त्या मोरीच्या तोंडावर, खाडीच्या अंगाला, मी टांगलेली असते. आमच्याकडे मला उघाडी म्हणतात.

मित्रांनो, माझं काम समजायला अगदी सोपं आहे. भरती आली की खाडीचं खारं पाणी मला ढकलतं आणि मी मोरीच्या तोंडावर घट्ट बसते. खारं पाणी शेतात जात नाही. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं आणि मी उघडते. गोडं पाणी खाडीत निघून जातं. दिवसातून दोनदा मिटायचं आणि दोनदा उघडायचं. मला कडी नाही, कुलूप नाही, चावीही नाही. समुद्रच मला लावतो आणि समुद्रच उघडतो.

माझं गाव तिवरखार. म्हसळ्याकडून दिघीला जाणारा रस्ता सोडून खाडीकडे उतरलात की लागतं. अडतीस घरांचं गाव आहे. वरच्या अंगाला नारळ-सुपारीच्या वाड्या आणि खाली बांधाच्या आत खारी जमीन. चाळीस वर्षांपूर्वी भागोजीनं मला घडवलं. तेव्हा तो तिशीतला होता आणि त्याच्या हाताला लाकडाचा चांगला अंदाज होता. त्यानं ऐनाच्या तीन फळ्या निवडल्या, त्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, एक फळी परत केली आणि दुसरी आणली. तिन्ही फळ्या आडव्या पट्ट्यांनी जोडल्या. मग माशाचं तेल गरम करून मला असं पाजलं की दोन दिवस माझ्याजवळ कोणी बसायला तयार नव्हतं.

"वास येतो म्हणून नाक दाबू नका," भागोजी लोकांना म्हणाला होता. "ह्या वासानंच हिला कीड लागायची न्हाय."

ते खरं ठरलं. दर वर्षी मे महिन्यात मला तेल मिळे आणि दर पावसाळ्यात मी पाणी वाहून टाकत असे. बांधाला कुठे खांड पडली, म्हणजे पाण्यानं तो फुटला, तर गावात हाळी दिली जाई. प्रत्येक घरातून एक माणूस यायचंच. सगळे ओळीनं उभे राहायचे आणि चिखलाची ढेकळं हातोहात खांडीपर्यंत पोचवायचे. काम कंटाळवाणं, म्हणून तिवरखारच्या लोकांनी एक रीत काढली होती. तिला ते गोष्ट चालवणं म्हणत. ज्याच्या हातात ढेकूळ येईल त्यानं गोष्टीतलं एक वाक्य बोलायचं आणि ढेकूळ पुढे द्यायचं. पुढच्यानं गोष्ट तिथून उचलायची. जो अडखळेल त्याच्यापाशी ओळ थांबायची, आणि मग त्याला काय काय ऐकून घ्यावं लागे ते मी इथे सांगत नाही. मी राजांच्या गोष्टी ऐकल्या, राक्षसांच्या ऐकल्या, एका बोलक्या खेकड्याची गोष्ट तर तीन दिवस चालली होती.

माझे ते दिवस फार चांगले गेले. आणि मग माझ्यावर एक आळ आला.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं असताना, पुनवेच्या उधाणाला खारं पाणी आत शिरलं. ते माझ्यातूनच शिरलं, हे मी नाकारत नाही. तीन दिवस शेतं खाऱ्या पाण्यात उभी होती. दुकानातून आणलेल्या बियाण्याचं भात पिवळं पडलं आणि करपलं. तग धरली ती एकाच तुकड्यानं. तो तुकडा सखूचा.

सखूविषयी तुम्हाला सांगायला हवं. ती आता सत्तरीला आली आहे. तिच्या तुकड्यात ती राता लावते. राता म्हणजे लाल दाण्याचं जुनं भात. उंच वाढतं, दाणा कमी देतं, पण खारं पाणी सोसतं. पूर्वी सगळं गाव राताच लावायचं. हळूहळू सगळ्यांनी सोडलं आणि बी उरलं फक्त सखूच्या कणगीत. त्या भाद्रपदानंतर लोक तिच्या तुकड्याकडे बघायला येत. ती म्हणायची, "बघताय काय, पुढच्या साली लावा की."

पण पुढच्या साली वेगळंच झालं. गावाची बैठक बसली आणि ठरलं की उघाडी जुनी झाली, कुजली, हिच्यामुळे पाणी आत आलं. मला बिजागरीवरून उतरवून बांधावरच्या उंडीच्या झाडाखाली टाकलं, आणि मोरीच्या तोंडात सिमेंटच्या गोणी ठासून भरल्या. आता खारं पाणी आत यायला वाटच नाही, म्हणून सगळे समाधानानं घरी गेले. मित्रांनो, त्या गोणींनी बाहेरचं पाणी अडवलं, पण आतलं पाणीही अडवलं. जुलैत पाऊस धरून बसला. शेतांत साठलेलं पाणी बाहेर जायला जागा शोधू लागलं. मोरी बंद, म्हणून त्यानं बांधच फोडला. बारा हात रुंद खांड पडली. त्या दिवसापासून रोजची भरती गावाच्या शेतांत येऊ-जाऊ लागली. सखूनं पेरलेलं राता वाहून गेलं. शहाणपणानं तिनं निम्मं बी घरात राखून ठेवलं होतं, तेवढं वाचलं.

मी उंडीखाली पालथी पडून होते. कोणी माझ्यावर बसे, कोणी जाळं वाळत घाले. मला तेल मिळेनासं झालं. पण खरं सांगू का, त्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. मला दुःख होतं ते माहीत असण्याचं. भाद्रपदात पाणी का आत आलं हे मला माहीत होतं. मी कुजले नव्हते. माझ्या आणि मोरीच्या मधे कोणीतरी दगड ठेवला होता, म्हणून मी मिटू शकले नाही. तो दगड कोणी ठेवला हेही मला माहीत होतं. पण लाकडाला बोलता येत नाही.

शेतं दोन पावसाळे ओसाड राहिली. यंदाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी सखू माझ्यावर येऊन बसली. बरोबर तिची सून रश्मी होती. रश्मी गावच्या शाळेत शिक्षिका आहे. सखूनं पदराखालून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि उलगडली. आत राताचे दहा दाणे भिजत घातले होते.

"मोज," सखू म्हणाली.

रश्मीनं मोजले. "चारांना मोड आलेत, आई."

"गेल्या साली आठ आलं होतं. आता पुढच्या साली एकपण यायचा न्हाय. बी म्हातारं होतं ग, माझ्यासारखं. यंदा जमिनीत पडलं न्हाय तर राता संपलं."

"कुंडीत लावू या का थोडं? शाळेत?"

"भात काय तुळस हाय कुंडीत लावायला? त्याला शेत पायजे. शेताला बांध पायजे." सखूनं पुरचुंडी पुन्हा बांधली. "आणि बांधाला मानसं पायजेत. ती कुठं हायत?"

माणसं गावातच होती, पण त्यांची उमेद गेली होती. बैठक बसली तेव्हा बापूंनी सांगितलं, "मी तीन अर्ज केलेत. काम मंजूर होईपर्यंत थांबावं." बापूंची नारळाची वाडी आहे. अलिबागच्या कोर्टात कारकून होते, आता निवृत्त झालेत. भला माणूस, पण त्यांचा अर्जावर फार विश्वास. खांडीतून आत आलेल्या पाण्यानं त्यांच्या विहिरीलाही खारट चव आली होती आणि नारळाचे शेंडे बारीक पडू लागले होते. दुसरा कोणी म्हणाला, मशीन आणू. भागोजी हसला. "आण. खाजणाच्या चिखलात मशीन उतरव, आणि मग ते काढायला दुसरं आण."

तेव्हा रश्मी उठली. ती म्हणाली, "मे महिन्यात अष्टमीचा भांग आहे. भरती सगळ्यात लहान असेल. सहा दिवस मिळतील. जुन्या रीतीनं ओळ लावू. आणि गोष्ट चालवू."

"गोष्टीनं खांड भरते होय, बाई?" सदा म्हणाला. सदाचं गावात मासळीचं तळं आहे. तोंडानं मिस्कील, कामाला वाघ. आणि मित्रांनो, माझ्याखाली तो दगड ठेवणाराही तोच.

"नुसत्या गोष्टीनं नाही भरत," रश्मी म्हणाली. "पण गोष्टीशिवाय तुम्ही सहा दिवस चिखलात उभे राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. फक्त यंदा राजा-राक्षस नको. यंदाची गोष्ट आपल्याच गावाची. पंचवीस वर्षांनंतरची. आणि अट एकच. गोष्टीत जे बोलाल ते आपल्या हातून होण्यासारखं असलं पाहिजे."

लोक हसले, पण हाळी दिली तेव्हा आले. कुतूहलापोटी आले असतील. पहिल्या दिवशी चोवीस माणसं, दुसऱ्या दिवशी एकतीस, आणि पुढे अडतीसही घरांतून कोणी ना कोणी. शाळेला सुट्टी होती, म्हणून मोठ्या मुलांनाही ओळीत जागा मिळाली. ओळ माझ्या समोरूनच जात होती, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

रश्मीनं पहिलं ढेकूळ उचललं. "पंचवीस वर्षांनंतरचं तिवरखार. सकाळ झाली आहे. बांधावरून एक मुलगी चालत येते आहे."

"तिच्या हातात डबा हाय," भागोजी म्हणाला.

"डब्यात बोंबलाचं कालवण," पुढचा म्हणाला, आणि ओळभर हशा पिकला.

"ते तिच्या आजीला द्यायला निघाली. आजी शेतात हाय, राता कापते," सखू म्हणाली.

बापू छत्री धरून बाजूला उभे होते. त्यांना राहवलं नाही. "तेवढ्यात मंजुरीचं पत्र घेऊन साहेब येतात."

"बापू, आपल्या हातून होईल तेच बोलायचं ठरलंय," सखू म्हणाली. "आणि बोलायचं असलं तर आधी ढेकूळ घ्या."

बापूंनी छत्री मिटली. पांढऱ्या सदऱ्यानिशी ओळीत उभे राहिले. ढेकूळ हातात आलं तसा सदऱ्यावर चिखलाचा ओघळ गेला. थोडा विचार करून ते म्हणाले, "त्या मुलीच्या डाव्या हाताला, बांधाच्या बाहेर, तिवरांच्या झाडांची दाट रांग आहे. लाटा तिवरांवर आपटतात, बांधाला लागत नाहीत. तिवरं कोणी तोडत नाही."

"वाडीच्या कुंपणाला कोण तोडून नेत होता, बापू?" सदानं विचारलं.

"मीच नेत होतो. म्हणूनच सांगतो आहे," बापू म्हणाले. त्यानंतर सहाही दिवस ते ओळीत होते.

तिसऱ्या दिवशी गोष्ट सदापर्यंत आली. मुलगी तोवर आजीला डबा देऊन गावाकडे परतत होती. सदा म्हणाला, "वाटेत तिला माझं तळं लागतं. तळ्यात हातभर जिताडे हायत."

जिताडा हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता मासा. तो खाडीतला. त्याची पिल्लं खाडीतून आणून तळ्यात वाढवतात. सदाच्या पुढे अनुया उभी होती. ती बापूंची नात, सातवीत शिकते. तिनं ढेकूळ घ्यायला हात पुढे केले, पण गोष्ट काही तिच्यानं पुढे नेववेना.

"पण सदाकाका, तळ्यात जिताड्याची पिल्लं आली कुठून? भरतीला तर उघाडी बंद असायची. ती आपल्या हातून होण्यासारखी गोष्ट हवी ना?"

सदा ढेकूळ हातात धरून तसाच उभा राहिला. ओळ थांबली. मागून आवाज आले. "सदा, झोप लागली काय?" "जिताड्यानं गिळला याला."

सदा हसला नाही. तो म्हणाला, "उघाडीखाली दगड ठेवायचा. भांगाला, पाणी कमी असतं तेव्हा. जरा फट ऱ्हाते, तेवढ्यातून पिल्लं आत येतात. आणि उधाणाच्या आधी दगड काढायचा."

"आणि काढला नाही तर?" अनुयानं विचारलं.

"मी काढायचा इसरलो," सदा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "म्हसळ्याला बहिणीकडं बारसं होतं. चार दिवस ऱ्हायलो. तिथं आठवण झाली तेव्हा पुनव होऊन गेली होती. मी आलो, दगड काढला आणि गप बसलो. उघाडी कुजली असं सगळे म्हणले, मीपण म्हणलो."

ज्यांचं ज्यांचं भात करपलं होतं ती सगळी माणसं तिथेच उभी होती. एक-दोघांनी हातातली ढेकळं खाली टाकली. सगळ्यांचे डोळे सखूकडे गेले, कारण शेतं गेल्यामुळे तिचं जपलेलं बीच संपायला आलं होतं.

"ढेकूळ पुढं दे, सदा," सखू म्हणाली. "तुला काय बोलायचं ते मी नंतर बोलीन, आणि लई बोलीन. भरती तुझ्या-माझ्यासाठी थांबायची न्हाय."

सदानं ढेकूळ अनुयाच्या हातात दिलं. ओळ पुन्हा चालू झाली.

पण भागोजी ओळ सोडून माझ्याकडे आला. त्यानं मला उलटवलं, चिखल पुसला आणि चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं तसंच बोटांच्या पेरांनी टकटक केलं. वरची फळी वाजली. मधली वाजली. खालची मात्र मऊ पडली होती, कारण ती दोन वर्षं ओल्या मातीत पडली होती.

"हिला काय झालेलं न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "एक फळी बदलली की झालं. चूक आपली. दगड ठेवला एकानं, पण मोरी बुजवली सगळ्यांनी मिळून. खांड भरून मोरी तशीच ठेवली असती तर येत्या पावसात बांध परत फुटला असता."

मित्रांनो, लोकांचा बेत खरोखर तोच होता, खांड भरायची आणि गोणी तशाच ठेवायच्या. सदा बोलला नसता तर सगळी मेहनत जुलैत वाहून गेली असती.

मग ओळीचे दोन भाग झाले. एक खांडीकडे आणि एक मोरीकडे. गोणींमधलं सिमेंट दगडासारखं झालं होतं. ते फोडायचं काम सदानं मागून घेतलं. पाचव्या दिवशी ओहोटीला खांडीचं शेवटचं तोंड बुजलं. सहाव्या दिवशी भागोजीनं नवी फळी बसवून, तेल पाजून मला माझ्या जागी टांगलं. चार-पाच दिवसांनी अमावस्येचं उधाण आलं. पाणी बांधाच्या खांद्यापर्यंत चढलं आणि सगळं गाव बांधावर येऊन उभं राहिलं. मी मोरीच्या तोंडावर अंग टेकवून बसले. आतल्या बाजूला बापू वाकून बघत होते. "चार थेंब," ते म्हणाले. "फक्त चार थेंब आले." एवढी स्तुती मला पुरेशी होती.

तरीही जमीन खारटच होती. पावसाचं पाणी शेतांत साठू द्यायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला ते माझ्या वाटेनं सोडायचं, असं महिनाभर चाललं. सखू दर दोन दिवसांनी यायची, शेतातलं पाणी बोटानं जिभेला लावायची आणि थुंकायची. "अजून न्हाय." जुलै लागला. पेरणीचा वेळ निघून चालला होता. रश्मी काळजीनं म्हणाली, "आई, आता टाकू या." सखू म्हणाली, "मिठात टाकून मारू काय?" आणखी सहा दिवस गेले. मग एका सकाळी तिनं पाणी जिभेला लावलं, आणि थुंकली नाही. त्याच दिवशी भिजत घातलेलं सगळं बी तिनं चिखलात फेकून पेरलं. घरात एक दाणाही मागे ठेवला नाही.

राता विरळ उगवलं. दहांत चार उगवतील असं वाटलं होतं, तेवढंही नाही. पण जे उगवलं ते ताठ उभं राहिलं.

मधल्या काळात गावानं उघाडीची पाळी लावली. शाळेच्या भिंतीवर अडतीस घरांची नावं आहेत. जिताड्याची पिल्लं आत घ्यायला भांगाच्या दिवशी दगड ठेवतात, पण आता दगडाला दोर बांधलेला असतो आणि दोराचं दुसरं टोक पाळीवाल्याच्या कमरेला. ही युक्ती सदाचीच. "दगड इसरला तरी मानूस घरी जायचा न्हाय," तो म्हणतो. बांधाबाहेर अनुया आणि तिच्या वर्गानं तिवरांची दोनशे रोपं लावली. सव्वाशेच्या वर जगली आहेत. अजून ती वीतभरच आहेत, त्यांच्यावर लाट आपटली तर तीच वाकतात. पण गोष्टीतल्या मुलीला यायलाही अजून पंचवीस वर्षं आहेत.

परवा सखूनं राता कापलं, झोडलं, वाळवलं. चार पायल्या भरलं. एवढंसं भात शिजवलं असतं तर आठवडाभरात संपलं असतं. सखूनं ते शिजवलं नाही. टोपली घेऊन ती बांधावर आली. ज्या घरातून माणूस ओळीत आलं होतं, त्या प्रत्येक घराला तिनं ओंजळभर बी दिलं. सदा मागे उभा होता. तिनं त्याला पुढे बोलावलं आणि त्याचीही ओंजळ भरली.

"ह्ये जिताड्यांना घालू नको," ती म्हणाली.

"न्हाय घालत, काकू. शपथ."

एका घरातलं बी म्हातारं होऊन मरू शकतं. अडतीस घरांतलं बी दर साली कुठे ना कुठे जमिनीत पडतंच. सखू रिकामी टोपली घेऊन घरी गेली तेव्हा मला वाटलं, आता ती निवांत झोपेल.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी असेल. एखादी मोरी, एखादा बांध, एखादं पाण्याचं टाकं. रोज आपलं काम करतं म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बिघडलं की आधी त्यालाच दोष देतात. एकदा जाऊन त्याला बघा. टकटक करून बघा. जमलं तर वर्षातून एकदा तेल द्या. आणि तुमच्या गावाच्या पुढच्या दिवसांची गोष्ट नक्की रचा, मात्र तिच्यातलं एखादं तरी काम आज तुमच्या हातून होण्यासारखं असू द्या. ती रचताना आपली एखादी चूक आठवली, तर तीही त्याच गोष्टीत सांगून टाका. मला सगळं माहीत होतं आणि मी दोन वर्षं पालथी पडून राहिले, कारण मी लाकूड आहे. तुम्हाला बोलता येतं.